हाज्जा वद्हाचा जमीद आणि रुश्दी मास्तरांची काच

सोमवारी सकाळी रुश्दी मास्तरांच्या गाडीच्या पुढच्या काचेवर वरून जमीदचा, म्हणजे उन्हात वाळवलेल्या चक्क्याचा, गोळा पडला, आणि शुक्रवारी त्यांची मुलगी हला कॅनडाहून येणार होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी तसा काही संबंध नाही. पण मास्तरांनी गाडी घेतली होती तीच मुळी हलाला विमानतळावरून आणायला, त्यामुळे संबंध नाही असंही म्हणता येईना.

हला तीन वर्षांनी येत होती. बरोबर तिचा मुलगा, ज्याला मास्तरांनी आजवर फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. तिला सोडायला गेले तेव्हा मास्तर मेहुण्याच्या, म्हणजे फव्वाजच्या गाडीत, मागच्या सीटवर दोन बॅगांच्या मध्ये चेपून बसले होते. विमानतळावर पोचल्यावर मास्तरांना उतरायचं तर आधी बॅगा उतरवणं भाग होतं, आणि बॅगा निघता निघेनात. तोवर फव्वाजनं भाचीच्या डोक्यावर हात ठेवून, दुवा देऊन, दोन हिताच्या गोष्टी सांगून बापाच्या वाटणीचं सगळं उरकून टाकलं होतं. मास्तरांच्या वाट्याला आला तो फक्त हात हलवणं. आणायला जाईन तो माझ्या गाडीनं, आणि चालवीन मी, एवढं त्यांनी परतीच्या वाटेवर मनाशी पक्कं केलं.

गाडी अर्थातच जुनी घेतली. अम्मानजवळच्या सल्त गावच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस नवी घेणार कुठून? फव्वाजनं तिच्याभोवती एक चक्कर मारली, चाकाला लाथ घातली (गाड्यांतलं कळणारे लोक चाकाला लाथ का घालतात हे मास्तरांना अजून समजलेलं नाही) आणि म्हणाला, "चालेल. पण हिला पूर्ण विमा बिमा काढत बसू नका, अबू हला. सक्तीचा तेवढा काढा. या वयाच्या गाडीला पूर्ण विमा म्हणजे म्हातारीला लग्नाचा पोशाख." (अबू हला म्हणजे हलाचा बाप. मास्तरांना बरोबरीची माणसं याच नावानं हाक मारतात.)

झालं! मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी जाऊन पूर्ण विमा काढला, वर काचेचं कलम वेगळं घालून घेतलं. आणि पुढचा महिनाभर अबू जिरयिसच्या वाणसामानाच्या दुकानात कुणी नुसतं "आज ऊन आहे" म्हटलं, तरी मास्तर म्हणायचे, "असू दे. आपली काच विम्यात आहे."

आता सल्तची वस्ती सगळी डोंगराच्या उतारावर. एकाची गच्ची जिथे संपते तिथे दुसऱ्याची पायरी सुरू होते, आणि गाडी लावायला सपाट जागा म्हणून जी काही असते ती कुणाच्या ना कुणाच्या गच्चीखालीच असते. मास्तरांना मिळालेली जागा वरच्या घरातल्या, हज करून आलेल्या म्हाताऱ्या हाज्जा वद्हाच्या गच्चीच्या कठड्याखाली होती. वसंतात हाज्जा गच्चीवर जमीद वाळत घालते. मेंढीच्या ताकाचा चक्का, भरपूर मीठ, मुठीपेक्षा मोठे गोळे, आणि कडक ऊन. नीट वाळलेला गोळा भिंतीवर मारला तर काळजी भिंतीची करायची. गच्ची भरली की उरलेले गोळे हाज्जा कठड्यावर ओळीनं मांडते, आणि मांजरांना शिव्या घालत दिवसभर तिथेच बसून असते.

त्या सोमवारी ती मांजरावर चप्पल घेऊन धावली. मांजर पळालं. गोळा मात्र खाली आला.

आवाज ऐकून मास्तर सदऱ्याची बटणं लावत बाहेर धावले. काचेवर बरोबर मधोमध चांदणी उमटली होती, तिचे पाय चारी दिशांना पसरले होते, आणि बॉनेटवर गोळा शांत बसला होता. त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

वरून हाज्जाचं डोकं डोकावलं. "रुश्दी! माझा गोळा फुटला का रे?"

"गोळ्याला काही झालं नाही, हाज्जा. काच फुटली."

"अल्हम्दुलिल्लाह," हाज्जा म्हणाली. "वर आणून दे. अजून दोन दिवस वाळायचाय तो."

फद्वा, म्हणजे मास्तरांची बायको, तोपर्यंत दारात आली होती. तिनं काच पाहिली, कठडा पाहिला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "हला लहान होती तेव्हा त्या कठड्याखाली आपण तिला उभंसुद्धा राहू द्यायचो नाही. 'वरून गोळा पडेल, इकडे ये' म्हणून रोज घसा कोरडा. आणि गाडी तुम्ही नेमकी तिथंच लावलीत!"

"जागा दुसरी नव्हती," मास्तर म्हणाले. हे खरं होतं, पण खरं असून त्याचा काही उपयोग होईना. त्यांनी गोळा उचलला, रुमालात बांधला, आणि वर न देता घरात नेला.

"अरे, कुठं नेतोस?" वरून हाज्जा.

"पुरावा आहे, हाज्जा!"

"कसला पुरावा? माझा जमीद आहे तो!"

अबू जिरयिसनं सगळी हकीकत ऐकून घेतली, वजनकाट्यावरची धूळ फुंकली, आणि एका वाक्यात निकाल दिला. "दगड म्हणा. रस्त्यात ट्रकच्या चाकाखालून उडाला म्हणा, मोकळे व्हा."

"मी खोटं बोलू? आयुष्यभर पोरांना खोटं बोलल्याबद्दल कान धरून उभं केलं, ते मी?"

"मग जमीद म्हणा," अबू जिरयिस म्हणाला, "आणि बसा बोंबलत."

मास्तर विमा कंपनीच्या कचेरीत गेले. टेबलामागे बहाअ नावाचा तरुण अधिकारी होता. गोरागोमटा, नम्र, आणि नम्रपणातच माणसाला गार करणारा. त्यानं रुमाल सोडला, गोळा पाहिला, वास घेतला आणि म्हणाला, "सर, काचेच्या कलमात दगड आहे, खडी आहे, गारा आहेत, झाडाची फांदी आहे. जमीद नाही."

"झाडाची फांदी चालते आणि जमीद चालत नाही?"

"खाद्यपदार्थ येतो सर तो. त्याला कलम नाही. दुसरा मार्ग आहे. ज्यांच्यामुळे नुकसान झालं त्यांचं नाव द्या. कंपनी तुम्हाला काच बसवून देईल, आणि खर्च त्यांच्याकडून वसूल करेल."

"वसूल म्हणजे?"

"नोटीस. नाहीच ऐकलं तर कोर्ट."

हाज्जा वद्हाला कोर्टाची नोटीस! मास्तरांनी टेबलावरचा गोळा आपल्याकडे ओढून घेतला. त्यांची आई गेली तेव्हा चाळीस दिवस याच बाईनं वरून जेवण पाठवलं होतं. नाव द्यायचा प्रश्नच नव्हता. पण म्हणून हातातलं कलम सोडून परत जायचं, आणि फव्वाजला म्हणायचं की तुझंच बरोबर होतं? तेही होणं नाही. मास्तर खुर्चीत ताठ झाले आणि त्यांनी शाळेतला आवाज काढला.

"बहाअ, बाळ, खडक किती प्रकारचे?"

बहाअचा चेहरा पडला. "सर..."

"अग्निजन्य, रूपांतरित आणि गाळाचा. गाळाचा खडक कसा तयार होतो? पाण्यात गाळ असतो. तो खाली साचतो. पाणी निघून जातं. वरून दाब पडतो, ऊन लागतं, आणि कालांतरानं तो घट्ट होतो. आता जमीद बघ. ताकात गाळ, तो कापडात साचतो, पाणी निथळतं, वर वजन ठेवतात, उन्हात वाळवतात. सांग मला, फरक काय? वेळेचा. तेवढाच!"

बहाअ हळूच म्हणाला, "सर, तुम्ही मला ओळखलं नाहीत. गाळाच्या खडकावरच तुम्ही मला नापास केलं होतं."

मास्तरांनी चष्मा पुसला. बहाअ मात्र मनानं वाईट नव्हता. तो म्हणाला, "असं करू. गुरुवारी मी गाडी पाहायला येतो. वस्तू स्वतः तपासतो. दगडासारखी कठीण आहे असं माझं मत झालं तर 'कठीण वस्तू' म्हणून लिहून पाहीन, आणि संध्याकाळपर्यंत काच बसेल. पण वस्तू जपून ठेवा सर. वस्तू नाही तर दावा नाही."

गुरुवारी संध्याकाळी काच, शुक्रवारी विमानतळ. मास्तर उड्या मारायचेच काय ते बाकी होते. घरी येऊन त्यांनी गोळा स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, साखरेच्या डब्यामागे ठेवला आणि फद्वाला बजावलं, "याला हात लावायचा नाही."

पण सल्तच्या उतारावर बातमी खालून वर जायला वेळ लागत नाही, आणि वर जाताना ती वेगळीच होते. बुधवारपर्यंत हाज्जाच्या गच्चीवर दोन गोष्टी पोचल्या. एक, रुश्दी मास्तर हाज्जाला कोर्टात खेचणार. दोन, रुश्दी मास्तरांनी विम्याच्या कचेरीत हाज्जाच्या जमीदला दगड म्हटलं.

पहिली गोष्ट हाज्जानं एकवेळ पोटात घातली असती. दुसरी ऐकून ती कठड्यापाशी आली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दगड? माझा जमीद दगड? ज्यांच्या जमीदमध्ये पीठ असतं त्यांचा दगड होतो! माझा गोळा पाण्यात पडला की लोण्यासारखा सुटतो! माझ्या जमीदवर या गावातली निम्मी लग्नं झालीत, रुश्दी, तुझंसुद्धा!"

मास्तर खिडकीआड उभे राहून हे ऐकत होते. त्यांना स्पष्टीकरण द्यायचं होतं, पण गाळाचा खडक खिडकीतून ओरडून सांगता येत नाही.

हाज्जाच्या मुलाला, मिश्आलला, कोर्टाच्या गोष्टीची खरीच धास्ती वाटली. त्यानं रीतीप्रमाणे केलं. गुरुवारी सकाळी निरोप आला, की दुपारनंतर जाहा घेऊन येतो. म्हणजे गल्लीतली वडीलधारी माणसं, पुढे शेख नवाश, तडजोड मागायला दारात. आता तडजोड कशाची? मास्तर तर मुळात भांडलेच नव्हते! पण येणाऱ्या जाहाला नको म्हणणारा माणूस सल्तमध्ये अजून जन्माला यायचाय.

फव्वाजचा फोन आला. "ऐकलं मी सगळं. उद्या मी जातो विमानतळावर. फुटक्या काचेतून पोरीला आणणार का?"

"संध्याकाळपर्यंत काच बसतेय," मास्तर म्हणाले. "विम्यात आहे."

दुपारी माणसं आली. दिवाणखान्यात भिंतीच्या कडेनं बसली. मास्तरांनी कडू कॉफीची पेली शेख नवाशच्या हातात दिली. शेखनं ती न पिता समोर जमिनीवर ठेवली. बाकीच्यांनीही आपापल्या पेल्या ठेवल्या. म्हणजे आता मागणं मान्य होईपर्यंत कुणी घोट घेणार नाही.

"अबू हला," शेख म्हणाला, "आम्ही हाज्जा वद्हासाठी आलोय. तिचं नाव कागदावर चढू नये."

"नाव मी देणारच नव्हतो, शेख. खरंच सांगतो."

"मग आणखी एक." शेखनं घसा साफ केला. "हाज्जानं सांगून पाठवलंय. तिच्या जमीदला दगड म्हणायचं नाही. शब्द मागे घ्यावा."

आता पंचाईत! नाव सोडणं सोपं होतं. पण दगड सोडला की दावा गेला, दावा गेला की काच गेली, आणि उद्या फव्वाज चाकाला लाथ घालून विमानतळावर निघाला. मास्तरांनी पेल्यांकडे पाहिलं. सगळ्या भरलेल्या. मिश्आल खाली मान घालून बसला होता. मास्तरांना आईच्या मागचे ते चाळीस दिवस आठवले, आणि त्यांना स्वतःचा राग आला, की एवढ्या साध्या गोष्टीचा विचार करावा लागतोय.

"कॉफी प्या," ते म्हणाले. "तो जमीदच आहे. दगड नाही."

पेल्या उचलल्या गेल्या. "अल्लाह तुमचं भलं करो!" सगळीकडून आवाज आला. नेमका त्याच वेळी दारात बहाअ उभा राहिला, हातात फाइल घेऊन. मास्तर त्याला बाजूला घेणार, तेवढ्यात शेखनं त्याला दंडाला धरून आत बसवलं. "पाहुणा आला की आधी जेवण, मग काम." आणि आतून फद्वानं मन्सफचं भलं मोठं ताट पाठवलं. भाताचा डोंगर, वर मटण, वर भाजलेले बदाम, आणि सगळ्यावर पांढरंशुभ्र, दाट, वाफाळतं जमीदचं कालवण.

मास्तरांनी मनात म्हटलं, बरं झालं. पोट भरल्यावर हा पोरगा नरमेल. माझ्या तोंडून दगड हा शब्द जायला नको, तपासणारा तो, लिहिणारा तो. लिहील 'कठीण वस्तू', आणि माझा शब्दही राहील.

माणसं ताटाभोवती बसली. बहाअ आधी लाजला, मग जेवला, मग चांगलाच जेवला. "सर, असं कालवण मी कुठे खाल्लं नाही. एक गाठ नाही!" शेख नवाश बोटं चाटत म्हणाला, "याला म्हणतात जमीद." मास्तरांनीही हात मारला. चव ओळखीची होती. फार ओळखीची होती.

हात धुऊन बहाअ पुढे झाला, फाइल उघडली. "हं सर. आता ती वस्तू?"

मास्तर स्वयंपाकघरात गेले. साखरेचा डबा होता. त्याच्यामागे काही नव्हतं. फद्वा पाठमोरी भांडी विसळत होती, गरजेपेक्षा जास्त आवाज करत.

"फद्वा..."

"काय करणार होते मी?" ती वळली. "सकाळी निरोप येतो, दुपारी दहा माणसं दारात! घरातला जमीद संपलेला. वर मागायला जावं तर तिथं तुम्ही भांडण करून ठेवलेलं. मग काय, माणसांना काचेचे तुकडे शिजवून घालू?"

मास्तर स्टूल ओढून बसले. थोड्या वेळानं उठून बाहेर गेले आणि बहाअला जे होतं ते सांगितलं. दिवाणखान्यात प्रत्येकानं आपल्या पोटाकडे पाहिलं.

"सर," बहाअ अगदी कळवळून म्हणाला, "तुमच्यासाठी मी 'कठीण वस्तू' लिहिणारच होतो. पण आता कसं लिहू? मी दोनदा वाढून घेतलं."

फाइल मिटली. जाताना त्यानं मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि फद्वाला दुवा दिली. पाहुणे पांगले. गच्चीवरून हाज्जाचा आवाज आला.

"फद्वा! विरघळला का?"

"पूर्ण, हाज्जा."

"गाठ?"

"एक नाही."

"आता त्याला म्हणावं, दगड म्हण!" आणि हाज्जा हसली. खूप दिवसांनी तिचं हसू गल्लीत ऐकू आलं. मास्तरांना त्या परिस्थितीतही बरं वाटलं, हे त्यांनी पुढे फद्वाकडेसुद्धा कबूल केलं नाही.

शुक्रवारी सकाळी फव्वाज आला तो गाडी धुऊन, पुसून, अत्तर मारून. त्यानं फुटक्या काचेकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "अबू हला, हट्ट सोडा. माझ्या गाडीत बसा. पुढच्या सीटवर बसवतो."

मास्तर क्षणभर विरघळले. पुढची सीट ही काही लहान गोष्ट नव्हती. पण त्यांनी किल्ली काढली आणि आपल्या गाडीत जाऊन बसले. "तू ये मागून," ते म्हणाले. "यायचं तर."

अम्मान ओलांडेपर्यंत ठीक होतं. चांदणीच्या पायांमधून रस्ता दिसत होता, थोडा वाकडा, पण रस्ताच. विमानतळाच्या वाटेवर पोलिसानं थांबवलं.

"हे काय, काका?"

"जमीद पडला."

पोलिसानं वाकून पाहिलं. "कुठला?"

"सल्तचा. घरचा."

"दंड करायला हवा मला," पोलीस म्हणाला, आणि मास्तरांच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे, मागच्या सीटवरच्या लहान मुलाच्या खुर्चीकडे पाहत राहिला. "कुणाला आणायला चाललात?"

"लेकीला. आणि नातवाला."

"जा. हळू जा. उद्या काच बदला." मागून येणाऱ्या फव्वाजला मात्र त्यानं थांबवलं आणि सगळे कागद काढायला लावले. का, ते अल्लाह जाणे.

त्यामुळे मास्तर आधी पोचले. हला बाहेर आली तेव्हा ढकलगाडीवर बॅगांचा ढीग होता आणि कडेवर पोरगं झोपेत लोंबत होतं. मास्तरांनी तीन वर्षं जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एक अक्षर त्यांना आठवलं नाही. त्यांनी तिला जवळ घेतलं, पोराच्या डोक्याचा वास घेतला, आणि ढकलगाडी ढकलत पुढे चालू लागले. गाडी जवळ येऊ लागली तसा त्यांचा वेग कमी होत गेला. दगडाचं सांगू? की विम्याचं सांगू? लेकीला पहिल्याच दिवशी फुटक्या गाडीत बसवतोय, या लाजेनं त्यांचे कान तापले.

हला गाडीपाशी थांबली. तिनं काचेवरच्या चांदणीवर बोट ठेवलं. मधल्या खड्ड्यात अजून पांढरी पूड अडकली होती.

"बाबा," ती म्हणाली, "हाज्जा वद्हाचा जमीद?"

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. चार दिवस त्यांनी सगळ्या गावाला समजावलं होतं आणि कुणाला काही पटलं नव्हतं.

"तुम्ही कठड्याखाली गाडी लावलीत? आम्हाला तर तिथं उभंसुद्धा राहू द्यायचा नाहीत!" तिनं बोटाला लागलेली पूड जिभेवर ठेवली, आणि तिचे डोळे भरून आले. "अजून तसाच खारट आहे."

"जागा दुसरी नव्हती गं," मास्तर म्हणाले, आणि भर विमानतळावर, लोकांसमोर, रडले.

तेवढ्यात फव्वाज धापा टाकत आला, अत्तराच्या गाडीचा दरवाजा उघडून. "ये बेटा, इकडे ये, एसी लावून ठेवलाय!"

"मामा, बरं झालं आलास," हला डोळे पुसत म्हणाली. "बॅगा तुझ्या गाडीत टाक."

मग तिनं झोपलेल्या पोराला मागच्या छोट्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः बापाशेजारी पुढे बसली. मास्तरांनी गाडी सुरू केली. सल्तपर्यंत ते हळूहळूच गेले, आणि फव्वाज बॅगा घेऊन मागून आला.